जबड्यातील साधे अर्बुद हाड कसे पोखरते?

शरीरात उद्भवणाऱ्या गाठींचे, म्हणजेच अर्बुदांचे, स्थूलमानाने दोन वर्ग करण्यात येतात. ज्या गाठी रक्तावाटे वा लसिकेवाटे दूरच्या अवयवांत जाऊन मूळ धरतात त्या मारक; आणि ज्या आपले ठिकाण सोडीत नाहीत त्या साध्या. ‘साधी गाठ’ हे शब्द ऐकून रोगी पुष्कळदा निर्धास्त होतो. परंतु साधे अर्बुद निरुपद्रवीच असते असा काही नियम नाही. जबड्यात होणारे अमेलोब्लास्टोमा हे अर्बुद याचे ठळक उदाहरण होय. अगदी विरळा अपवाद वगळल्यास ते दूर पसरत नाही. मात्र जेथे असते तेथील हाड ते वर्षानुवर्षे पोखरीत राहते.

अर्बुदाचा उगम

दात घडत असताना पेशींचा एक विशिष्ट समूह दातावरील कठीण व चकचकीत आवरण, म्हणजे एनॅमल, तयार करतो. दात उगवला की हे कार्य संपते. तथापि दंतनिर्मितीत भाग घेणाऱ्या पेशींचे काही अवशेष जबड्यात मागे राहतात. अमेलोब्लास्टोमा बहुधा अशा अवशेषांतून उद्भवतो. फ्रेंच शास्त्रज्ञ मालासे यांनी १८८५ मध्ये त्यास वज्रासारख्या काठिण्याचे सूचक असे ‘अॅडमँटिनोमा’ हे नाव दिले. वस्तुतः या अर्बुदात एनॅमलचा कणही तयार होत नाही. अमेलोब्लास्टोमा हे आजचे नाव आयव्ही व चर्चिल यांनी १९३० मध्ये रूढ केले. सुमारे ८० टक्के रोग्यांत हे अर्बुद खालच्या जबड्यात, विशेषतः दाढांच्या भागात आढळते. यांपैकी बहुसंख्य अर्बुदांत बीआरएएफ या जनुकात बिघाड झालेला असतो, असे २०१४ मध्ये दिसून आले. या बिघाडामुळे पेशीस विभाजनाचा आदेश अखंड मिळत राहतो.

हाड कोण फोडते?

मऊ पेशींची ही गाठ दगडासारखे हाड कसे भेदते, असा प्रश्न साहजिकच पडतो. याचे उत्तर असे की, हाड फोडण्याचे मुख्य काम गाठ स्वतः करीत नाही; ते ती रोग्याच्याच पेशींकडून करवून घेते.

हाड ही जिवंत वस्तू आहे. त्याची मोडतोड व पुनर्बांधणी आयुष्यभर चालू असते. मोडणाऱ्या पेशींना क्योलिकर यांनी १८७३ मध्ये ‘ऑस्टिओक्लास्ट’, म्हणजे हाड फोडणाऱ्या, असे नाव दिले. अनेक केंद्रके असलेली ही मोठी पेशी हाडाला घट्ट चिकटते, आम्ल सोडून त्यातील कॅल्शियमयुक्त खनिज विरघळविते आणि उरलेले प्रथिनांचे तंतू कॅथेप्सिन-के या विकराने पचविते. तिची उत्पत्ती रँकल नावाच्या प्रथिनाच्या संदेशावर अवलंबून असते. तर ऑस्टिओप्रोटेगेरिन हे दुसरे प्रथिन त्या संदेशास आवर घालते. या दोन्ही प्रथिनांचा शोध १९९७ व १९९८ या वर्षांत लागला. निरोगी हाडात त्यांचा तोल सांभाळला जातो.

अमेलोब्लास्टोमा हा तोल बिघडवितो. त्याच्या पेशी इंटरल्यूकिनसारखे पदार्थ स्रवतात. त्यामुळे भोवतालच्या पेशी अधिक रँकल निर्माण करतात, आणि गाठीच्या सीमेवर ऑस्टिओक्लास्ट पेशींची फौज उभी राहते. शिवाय गाठीतून सुटणारे काही विकर तंतुमय ऊतक तोडून पुढील वाट मोकळी करतात. हाड मागे सरते व रिकाम्या झालेल्या जागेत गाठ शिरते.

क्ष-किरणांस न दिसणारी सीमा

जबड्याचे बाह्य कवच घट्ट असते, पण आतील हाड जाळीदार असून त्याच्या पोकळ्यांत मज्जा असते. कवच गाठीस बराच काळ दाद देत नाही; पोकळ्यांतून मात्र ती सहज सरकते. कित्येकदा तेथील हाडाच्या काड्या शाबूत असतानाच अर्बुदाच्या पेशी त्यांच्यामधून पुढे गेलेल्या असतात. बराच खनिजांश नष्ट झाल्याखेरीज क्ष-किरणचित्रात फरक उमटत नाही. म्हणून चित्रात मधाच्या पोळ्यासारखी दिसणारी पोकळी जेथे संपते, तेथे अर्बुद संपले असे समजता येत नाही.

शस्त्रक्रियेचा सारा प्रश्न येथेच आहे. गाठ नुसती खरवडून काढल्यास जाळीदार हाडात लपलेल्या पेशी मागे राहतात व गाठ पुन्हा वाढण्याचा धोका मोठा असतो. कधी कधी ती दहा वर्षांनंतरही उद्भवते. यास्तव सामान्यतः दृश्य सीमेपलीकडील १ ते २ सेंटिमीटर हाडही काढावे लागते. जबड्याचा मोठा भाग गमवावा लागल्यास पायातील फिब्युला हाड रक्तवाहिन्यांसह बसवून तो पुन्हा घडविता येतो. ही पद्धत १९८९ पासून प्रचारात आली. सदोष बीआरएएफ प्रथिनास रोखणाऱ्या औषधांनी काही रोग्यांत गाठ लहान झाल्याचेही आढळले आहे.

वरच्या जबड्यातील अर्बुद अधिक चिंताजनक असते. कारण तेथील हाड पातळ असून नेत्रकोटर व कवटीचा तळ जवळच असतात.

हे अर्बुद आरंभी सहसा दुखत नाही, हाच त्याचा मोठा धोका होय. जबड्यावर हळूहळू वाढणारी सूज, कारणाशिवाय हलू लागलेला दात किंवा अकस्मात नीट न बसणारी कवळी यांकडे दुर्लक्ष करू नये. गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्याखेरीज निदान पक्के होत नाही. उपचारानंतरही अनेक वर्षे नियमित तपासणी करून घेणे अत्यावश्यक आहे. गाठ लवकर ओळखली गेली, तर गमवावे लागणारे हाड थोडे असते.