माजी सभासद आणि आमचा राजुरा तालुका

गेल्या हंगामात कापसाची पहिली वेचणी चालू असतां आमच्या परिचयाचे एक कास्तकार कोळशाच्या खाणीसंबंधीची सूचना घेऊन आमच्याकडे आले. सातबाराचा उतारा पुढे ठेवून ते म्हणाले, "बाबूजी, एखाद्या माजी खासदारांचे पत्र आणले तर शेत वाचेल काय?" महसूल खात्यात हयात गेल्यामुळे असले प्रश्न आम्हांस नवीन नाहीत. परंतु ह्या प्रश्नाने लोकसभेतून उतरलेल्या माणसाजवळ शिल्लक काय राहते, ह्याचा विचार आम्हांस करावा लागला.

कायद्याच्या दृष्टीने त्याजजवळ निवृत्तिवेतन राहते. ते १९७६ साली दरमहा ३०० रुपयांनी सुरू झाले, आणि १ एप्रिल २०२३ पासून दरमहा ३१,००० रुपये ठरले आहे. अधिकार म्हणावा असा मात्र काही उरत नाही.

आमच्या तालुक्याची गोष्ट जरा निराळी आहे. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीच्या वेळी राजुरा हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. वर्धा नदीच्या पलीकडच्या चांद्याहून मुल्ला अब्दुल्लाभाई ताहेरअली दिल्लीस गेले, तर आदिलाबादहून समाजवादी पक्षाचे सी. माधव रेड्डी निवडून आले. हेच रेड्डी पुढे १९८४ साली तेलुगू देसमच्या तिकिटावर पुन्हा लोकसभेत गेले. मधली बत्तीस वर्षे लक्षात घेतली म्हणजे 'माजी' हा शब्द कायमचा नव्हे, हे दिसून येते. राजुरा १९५६ साली नांदेड जिल्ह्यात व १९५९ साली चांदा जिल्ह्यात आला. जिल्हे बदलले तरी जमिनी त्याच राहिल्या. जुने हक्क शोधताना खासरा पाहणीपत्रक उघडावे लागते ते ह्याच कारणाने.

चांद्याच्या माजी सभासदांत आम्हांस सर्वांत मोठे वाटतात ते लालश्याम शहा. हे पानाबरसचे आदिवासी जमीनदार. त्यांचे गाव आज छत्तीसगडात आहे. १९६२ साली ते अपक्ष म्हणून चांद्यातून निवडून आले. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या वसाहती दंडकारण्यात वसविल्या जात होत्या. निर्वासितांचे दुःख खोटे नव्हते, परंतु त्यांच्यासाठी जंगल तुटत होते आणि आदिवासींस कोणी विचारीत नव्हते. ह्याच्या निषेधार्थ शहा यांनी १९६४ साली, मुदत अर्ध्यावर असतां, राजीनामा दिला. त्या काळी निवृत्तिवेतनही नव्हते! पोटनिवडणुकीत दिवंगत मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार यांच्या पत्नी गोपिकाबाई निवडून आल्या.

पण शहा तेथेच थांबले नाहीत. गोदावरीवर इचमपल्ली व इंद्रावतीवर भोपालपट्टणम अशी दोन धरणे योजिली गेली, तेव्हा १९८४ च्या सुमारास 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलनात बाबा आमटे यांच्याबरोबर हे वृद्ध माजी सभासद उभे राहिले. राजीनाम्यास वीस वर्षे होऊन गेली होती, तरी लोक त्यांच्या मागे चालले. ती धरणे आजवर झालेली नाहीत. मेंढा (लेखा) गावाची ग्रामसभा पुढे नावारूपास आली, तिचे धागेही ह्याच चळवळीत सापडतात.

१९७७ साली निवडून आलेले अहेरीचे राजे विश्वेश्वरराव यांनी स्वतंत्र विदर्भाचा ध्यास घेतला होता. शांताराम पोटदुखे १९८० पासून लागोपाठ चार वेळा निवडून आले, व डॉ. मनमोहन सिंग अर्थमंत्री असतां त्याच खात्यात मंत्री झाले. चंद्रपूरच्या सरदार पटेल महाविद्यालयातून आमच्या तालुक्यातील कितीतरी मुले शिकून बाहेर पडली. ती त्यांच्याच शिक्षणसंस्थेची देणगी होय. ते २०१८ साली निवर्तले. हंसराज अहीर यांचा कोळशाशी संबंध आहे. कोळसापट्ट्यांच्या वाटपाविषयी त्यांनी केंद्रीय दक्षता आयोगाकडे तक्रार नेली, आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये २१४ पट्टे रद्द केले. २०१९ साली ते पराभूत झाले.

आता त्या कास्तकारांकडे वळू. कोळशाची जमीन १९५७ च्या केंद्रीय कायद्याने घेतली जाते, म्हणजे तो कायदा संसदेनेच केलेला आहे. कलम ७ ची अधिसूचना निघाल्यापासून ३० दिवसांच्या आत, कलम ८ प्रमाणे, जमिनीत हितसंबंध असलेल्या कोणासही हरकत घेता येते. सक्षम अधिकाऱ्याने ती ऐकून घेतली पाहिजे. दिवस मोजावयाचे ते अधिसूचनेच्या तारखेपासून, आपल्या हाती कागद पडल्यापासून नव्हे. ह्या एका चुकीपायी मुदत हुकलेले अर्ज आम्ही पाहिले आहेत.

कागद पाहता एकोणीस दिवस होऊन गेले होते. पत्रासाठी चंद्रपुरास जाण्याचा बेत आम्ही रहित करविला. विहीर, बांधावरची मोहाची दोन झाडे आणि भावाचा निम्मा हिस्सा, सर्व नोंदवून अर्ज त्याच रात्री लिहून दिला, आणि पोच घेतल्याशिवाय परतू नका असे त्यांस दोनदा बजाविले.