जुने स्पीकर: दुरुस्ती की नवी खरेदी?

जुन्या स्पीकरचा आवाज फाटू लागला की तो निकामी झाला असे सरसकट मानले जाते. वस्तुतः पुष्कळदा कोनला, म्हणजे शंकूच्या आकाराच्या पडद्याला, सांगाड्याशी जोडणारी फोमची लवचीक कडाच 15-20 वर्षांत भुगा होऊन झडलेली असते आणि ती नवी चिकटवता येते. कोन बोटांनी सर्व बाजूंनी सारखा, हलकेच दाबल्यावर खरखर ऐकू आली, तर चुंबकाच्या फटीत हलणारी तारेची गुंडाळी, अर्थात व्हॉइस कॉइल, घासत असावी. 8 ओहमच्या स्पीकरवर मल्टीमीटर साधारण 6 ओहम दाखवत असेल, तर ती गुंडाळी तुटलेली नाही. अशी शाबूत कॉइल आणि भक्कम पेटी भंगारात जाणे हे मोठेच नुकसान होय. मात्र कॉइल जळून गेली असून त्याच मापाचा सुटा भाग मिळत नसेल, तर नवी जोडी घेणेच रास्त ठरते.