वारेची प्रथिनं: गैरसमज आणि वस्तुस्थिती

गर्भचाचणीच्या पट्टीवरची दुसरी रेघ ही वारेने दिलेली पहिली खूण असते. गर्भ रुजला की पुढे वार घडवणाऱ्या पेशी एचसीजी हे संप्रेरक सोडू लागतात. ते आईच्या रक्तात आणि तिथून लघवीत उतरतं.

गैरसमज : वारेचं काम फक्त बाळाला अन्न आणि प्राणवायू पोचवण्याचं.

वार ही स्वतःच एक मोठी ग्रंथी आहे. तिचं एचसीजी बीजकोशाला प्रोजेस्टेरॉन बनवत राहायला लावतं, म्हणून सुरुवातीच्या आठवड्यांत गर्भ टिकतो. बर्लिनमध्ये आशहाइम आणि त्सोंडेक यांनी १९२७ साली गर्भवतीची लघवी उंदराच्या माद्यांना टोचून गर्भधारणा ओळखून दाखवली. पण हे संप्रेरक पिट्युटरी ग्रंथीतून येतं, असा त्यांचा समज होता. त्याचं मूळ वारेत आहे, हे नंतर सिद्ध झालं.

गैरसमज : डबल मार्करमध्ये जोखीम जास्त आली, म्हणजे बाळात दोष आहेच.

अकराव्या ते चौदाव्या आठवड्यात होणाऱ्या या तपासणीत पॅप-ए आणि मुक्त बीटा-एचसीजी ही वारेची दोन प्रथिनं मोजतात. डाउन सिंड्रोममध्ये पहिलं बहुधा कमी आणि दुसरं जास्त असतं. आईचं वय आणि सोनोग्राफीतलं मानेमागच्या द्रवाचं माप धरून शक्यता काढली जाते. हे निदान नव्हे. निदानासाठी वारेच्या पेशी किंवा गर्भजल तपासावं लागतं. त्याआधीच निर्णय घेणं हा त्या कुटुंबावर अन्याय आहे.

गैरसमज : प्रीएक्लॅम्प्सिया रक्तदाब वाढल्यावरच कळतो.

गरोदरपणात रक्तदाब वाढणाऱ्या या आजाराची मुळं वारेत असतात. पीएलजीएफ हे वारेचं प्रथिन रक्तवाहिन्यांना पोषक ठरतं, तर एसएफएलटी-१ त्यालाच धरून निकामी करतं. २००३ साली बोस्टनमध्ये डॉ. अनंत करुमांची यांच्या गटाने उंदरांमध्ये एसएफएलटी-१ वाढवलं, तेव्हा त्यांचा रक्तदाब चढला आणि लघवीतून प्रथिनं जाऊ लागली.

आता या दोन प्रथिनांचं गुणोत्तर मोजता येतं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात संशयित रुग्णांमध्ये ते ३८ किंवा कमी असेल, तर पुढच्या आठवड्यात आजार होणार नाही हा अंदाज ९९.३ टक्के वेळा खरा ठरला. त्यामुळे अनेकींना विनाकारण दाखल करणं टळू शकतं.

वारेच्या प्रथिनांचा पहिल्या तिमाहीतही उपयोग आहे. रक्तदाब, पॅप-ए आणि पीएलजीएफ यांसारख्या मापांवरून जोखमीच्या स्त्रिया निवडून त्यांना रोज १५० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन दिल्यावर ३७ आठवड्यांआधी प्रसूती करावी लागणाऱ्या प्रीएक्लॅम्प्सियाचं प्रमाण ४.३ वरून १.६ टक्क्यांवर आलं, असं २०१७ च्या चाचणीत दिसलं. अर्थात, ही गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायची.

गैरसमज : एचसीजीच्या इंजेक्शनाने चरबी वितळते.

हा दावा १९५४ साली डॉ. ए. टी. डब्ल्यू. सिमिअन्स यांनी मांडला. त्यांनी त्याआधी मुंबईत बरीच वर्षं काम केलं होतं. त्यांच्या पद्धतीत दिवसाला अवघ्या ५०० कॅलरींचा आहार असे, आणि वजन घटायचं ते या उपासमारीने. नंतरच्या चाचण्यांत एचसीजी आणि साधं सलाइन यांच्यात फरक आढळला नाही.

गैरसमज : वारेवर आधारित औषध म्हणजे वारेचा अर्क.

प्रत्यक्षात उपयोगी पडतो तो एकेका प्रथिनाचा नेमका अभ्यास. वंध्यत्वावरच्या उपचारांत बीज बाहेर पडावं म्हणून शुद्ध एचसीजी टोचतात. उलट, दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्थेत डॉ. जी. पी. तलवार यांनी एचसीजीविरोधी गर्भनिरोधक लस घडवली. १९९४ च्या अहवालानुसार, पुरेशी प्रतिपिंडं तयार झालेल्या स्त्रियांच्या १,२२४ मासिक चक्रांत एकच गर्भधारणा झाली. मात्र सुमारे ८० टक्के स्त्रियांमध्येच तेवढी प्रतिपिंडं तयार झाली होती.

डोळ्याच्या पडद्याच्या आजारात टोचलं जाणारं अफ्लिबरसेप्टही एसएफएलटी-१ च्याच धाटणीचं आहे. एसएफएलटी-१ हे ज्या ग्राहीचा भाग आहे, त्याच ग्राहीचा एक तुकडा या औषधात वापरला असून ते पीएलजीएफलाही पकडतं. गर्भवतीच्या रक्तात जी पकड घातक ठरते, तीच डोळ्यात नको असलेल्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखते.

प्रीएक्लॅम्प्सियासाठी रक्तातलं जादा एसएफएलटी-१ गाळून काढण्याचे प्रयोग मोजक्या रुग्णांवर झाले आहेत, तर त्याची निर्मितीच रोखणारे आरएनए रेणू बबून माकडांवर तपासले गेले आहेत. हे उपाय सिद्ध होईपर्यंत या आजारावर निश्चित इलाज प्रसूती हाच आहे. म्हणून ती सुरक्षितपणे लांबवता आली, तर बाळाच्या फुप्फुसांना वाढीसाठी मिळणारा प्रत्येक आठवडा मोलाचा ठरतो.