मंडलीक सुवर्णपदक व विद्यापीठांचे पारितोषिक-निबंध

जुन्या पोथ्या व कागद जमविणाऱ्या मंडळींचें लक्ष विद्यापीठांच्या पदकांकडे सहसा जात नाहीं. पदवीदानाच्या दिवशीं कोणास कोणतें पदक मिळालें हें वर्तमानपत्रांत एकदां छापून येतें, आणि दुसऱ्या दिवशीं तें विसरलें जातें. ज्या निबंधाबद्दल तें पदक मिळालें तो निबंध पुढें कोठें गेला, त्यांत कोणत्या पोथ्यांचा आधार घेतला होता, आणि त्या पोथ्या आज कोणाच्या घरीं आहेत, याची चौकशी बहुधा कोणी करीत नाहीं. वस्तुतः ही चौकशी आपल्या कामाच्या अगदीं जवळची आहे. म्हणून मुंबई विद्यापीठाच्या एका स्मारक-पदकाची हकीकत येथें देऊन, त्या अनुषंगानें अशा पारितोषिकांची घडण व त्यांतील एक मोठी उणीव यांचा विचार करण्याचें योजिलें आहे.

ज्यांच्या नांवें हें पदक आहे ते रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलीक (१८३३–१८८९) मूळचे दापोली तालुक्यांतील मुरूडचे. मुंबईच्या हायकोर्टांतील नामांकित वकील, 'नेटिव ओपिनियन' पत्राचे चालक, कायदेकौन्सिलाचे सभासद, अशी त्यांची सार्वजनिक ओळख आहे. पण संशोधकांस त्यांचें स्मरण राहतें तें निराळ्याच कारणानें. १८८० सालीं त्यांनीं याज्ञवल्क्यस्मृति व नीलकंठभट्टाचा व्यवहारमयूख हे दोन ग्रंथ मूळ संस्कृत व इंग्रजी भाषांतर यांसह प्रसिद्ध केले, आणि १८८६ सालीं मेधातिथि, कुल्लूक, राघवानंद आदिकरून अनेक टीकांसह मनुस्मृति छापिली. हे उद्योग वकिलीच्या धंद्यांतूनच निघालेले होते. गुजराथ, मुंबई बेट व उत्तर कोंकण या भागांत वारसा व दत्तक यांच्या वादांत मयूखास विशेष मान असे. न्यायाधीशांच्या हातीं त्यापूर्वीं मुख्यतः बोराडेल साहेबाचें १८२७ चें इंग्रजी भाषांतर होतें. मूळ वाक्य काय आहे, कोणत्या पोथींत कोणता पाठ आहे, यावर एखाद्या घराण्याची इस्टेट इकडची तिकडे होण्याचा संभव असे. तेव्हां पाठभेद हा केवळ पंडितांच्या विनोदाचा विषय नव्हता. पक्षकाराच्या पोटाचा प्रश्न त्यांत गुंतलेला असे.

येथें एक गोष्ट जातां जातां सांगितली पाहिजे. मयूखकार नीलकंठभट्ट हा काशीस राहणारा असला तरी त्याचें घराणें मूळचें पैठणचें, आणि १६७४ सालीं रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक करविणारा गागाभट्ट हा त्याच भट्टकुळांतला, नीलकंठाच्या चुलतभावाचा मुलगा. नीलकंठानें बारा मयूखांचा आपला 'भगवंतभास्कर' सेंगर वंशांतील भगवंतदेव राजाच्या आश्रयानें रचिला, व त्यावरूनच ग्रंथास तें नांव पडलें. मराठ्यांच्या इतिहासाचा अभ्यासक धर्मशास्त्राच्या पोथ्या परक्या म्हणून बाजूस ठेवितो, तो या एका नात्यानें तरी विचारांत पडावा.

मंडलीकांच्या पश्चात् त्यांचीं दोन स्मारकें विद्येच्या क्षेत्रांत उरलीं. त्यांचा ग्रंथसंग्रह, हस्तलिखित पोथ्यांसह, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत आला, व 'मंडलीक लायब्ररी' या नांवानें सूचिकारांच्या परिचयाचा झाला. दुसरें स्मारक म्हणजे मुंबई विद्यापीठांतील विश्वनाथ नारायण मंडलीक सुवर्णपदक. हें पदक परीक्षेंतील गुणांवर नसून निबंधावर दिलें जात असे. पहिल्या स्मारकांत साधनें जपलीं गेलीं, आणि दुसऱ्यानें तीं साधनें वापरणारा मनुष्य तयार व्हावा अशी योजना झाली. दात्यांच्या मनांत या दोहोंचा मेळ घालण्याचा हेतु होता कीं नाहीं कोण जाणे. पण पुढें तो मेळ जमला, इतकें खरें.

अशा पारितोषिकांची घडण सर्वत्र सारखीच असते. मृताचे आप्त, मित्र किंवा शिष्य कांहीं रक्कम विद्यापीठाच्या स्वाधीन करितात. ती सरकारी कर्जरोख्यांत गुंतविली जाते, मुद्दलास हात लावावयाचा नाहीं अशी अट असते, व व्याजांतून पदक किंवा पुस्तकें दिलीं जातात. विद्यापीठानें नेमलेले परीक्षक निबंध वाचतात, आणि योग्य निबंध न आल्यास त्या वर्षीं पदक राखून ठेवितात. या व्यवस्थेंतील व्यंग हें कीं, व्याज ठरलेलें व सोन्याचा भाव चढता. समजा, कोणी पांच हजार रुपये साडेतीन टक्क्यांच्या रोख्यांत ठेविले, तर वर्षास एकशें पंचाहत्तर रुपये हातीं येतात. विसाव्या शतकाच्या आरंभीं एवढ्यांत चांगलें वजनदार पदक होई. पुढें त्यांत मुलामाहि निघेनासा झाला. पण पदकाचें वजन घटलें ही खरी हानि नव्हे. खरी हानि कोणती, तें पुढें येईल.

पीएच्. डी. ची पदवी आपल्या विद्यापीठांत रूढ होण्यापूर्वीं, तरुण पदवीधरास स्वतंत्र शोध करून तो कोणा जाणत्यापुढें मांडण्यास अशा निबंधांखेरीज फारशी वाटच नव्हती. त्या वाटेनें गेलेल्यांत महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांचें उदाहरण सर्वांत बोलकें आहे. १९०५ व १९०६ च्या सुमारास काणे हे रत्नागिरीच्या सरकारी हायस्कुलांत शिक्षक होते. हाताशीं मोठें ग्रंथालय नाहीं, शाळेचें काम रोजचें. तशांत त्यांनीं महाकाव्यांतील आर्यांच्या चालीरीति व नीति या विषयावर निबंध लिहून मंडलीक पदक मिळविलें, व पाठोपाठ अलंकारशास्त्राच्या इतिहासावर दुसरा निबंध लिहून तेंच पदक पुन्हां मिळविलें. पदक घेऊन स्वस्थ बसणारे पुष्कळ असतात. काण्यांनीं दुसरा निबंध सोडला नाहीं. विश्वनाथाच्या साहित्यदर्पणाची त्यांनीं आवृत्ति काढली, तिच्या १९२३ च्या आवृत्तीस अलंकारवाङ्मयाचा इतिहास प्रस्तावना म्हणून जोडला, आणि १९५१ सालीं तोच वाढून संस्कृत काव्यशास्त्राचा इतिहास या नांवाचा ग्रंथ झाला. म्हणजे एका पारितोषिक-निबंधाचा पिच्छा या माणसानें सुमारें पंचेचाळीस वर्षें पुरविला.

त्याहून लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट दुसरी आहे. १९२६ सालीं भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराकडून काण्यांची व्यवहारमयूखाची संशोधित आवृत्ति निघाली. मंडलीकांनीं ४६ वर्षांपूर्वीं जो ग्रंथ छापिला होता तोच हा. मंडलीकांच्या नांवाचें पदक दोनदां घेतलेल्या गृहस्थानें मंडलीकांच्याच ग्रंथावर अधिक पोथ्या जमवून पुन्हां काम करावें, याहून चांगलें स्मारक कोणाचें व्हावें ? या आवृत्तीच्या निमित्तानें धर्मशास्त्राचा त्रोटक इतिहास द्यावा असा बेत त्यांच्या मनांत आला. तो बेत वाढत वाढत जाऊन १९३० ते १९६२ या काळांत पांच खंडांचा, साडेसहा हजारांहून अधिक पृष्ठांचा धर्मशास्त्राचा इतिहास तयार झाला. १९६३ सालीं त्यांस भारतरत्न हा सन्मान मिळाला. या सर्वांचें श्रेय एका पदकास देणें वेडेपणाचें होईल. काणे पदकावांचूनहि काणेच झाले असते. परंतु रत्नागिरीच्या शाळामास्तरास आपलें लेखन मुंबईच्या परीक्षकांपुढें ठेवावयास एक दार उघडें होतें, हें नाकारतां येत नाहीं.

बंगाल्यांतील एक उदाहरण मराठ्यांच्या इतिहासास अधिक जवळचें आहे, आणि त्याचा दाता मुंबईचाच. शेट प्रेमचंद रायचंद यांनीं १८६६ सालीं कलकत्ता विद्यापीठास दोन लक्ष रुपये दिले. यांत स्मारक असें कांहीं नव्हतें, दाता हयात होता. त्याच शेटजींनीं मुंबईच्या विद्यापीठास ग्रंथालय व आईच्या नांवाचा राजाबाई मनोरा यांसाठीं द्रव्य दिलें, हें सर्वश्रुत आहे. कलकत्त्याच्या त्या देणगींतून निघालेली शिष्यवृत्ति १८९७ सालीं यदुनाथ सरकार यांस मिळाली, व तिच्यासाठीं लिहिलेला प्रबंध १९०१ सालीं 'इंडिया ऑफ औरंगझेब' या नांवानें छापून निघाला. सरकारांचा हा पहिलाच ग्रंथ. त्यांत सुजनराय याच्या 'खुलासत-उत्-तवारीख' व रायचतरमन कायथ याच्या 'चहार गुलशन' या फार्सी ग्रंथांतील उतारे भाषांतरून व टीपा देऊन घातले आहेत. सुभे, त्यांचा वसूल, रस्ते व मुक्काम यांच्या याद्या सरळ समोर ठेविल्या आहेत. मतें पुढें बदलतात, औरंगजेबाविषयीं सरकारांचींहि सर्वांस मान्य नाहींत. परंतु त्या याद्या कोणासहि पुन्हां तपासून घेतां येतात. तरुणपणीं लिहिलेला प्रबंध शंभर वर्षांनंतरहि उघडावा लागतो तो या उताऱ्यांसाठीं.

विलायतेंतहि हाच अनुभव आहे. ऑक्सफर्ड येथें डॉक्टर टॉमस आर्नल्ड यांच्या स्मरणार्थ १८५० सालीं स्थापिलेल्या पारितोषिकासाठीं जेम्स ब्राइस यांनीं १८६३ सालीं पवित्र रोमन साम्राज्यावर निबंध लिहिला. १८६४ सालीं तो ग्रंथरूपानें आला व पुढें लेखकानेंच तो वारंवार वाढविला. मात्र काणे, सरकार व ब्राइस यांचे निबंध वाचले कां, तर ते छापले गेले म्हणून.

न छापलेल्यांची गति काय होते, तें एका अनुभवावरून सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं जुन्या पुस्तकांच्या एका दुकानांत मला कापडी बांधणीचा एक टंकलिखित प्रबंध मिळाला. पहिल्या पानावर पारितोषिकाची नोंद होती. विषय कोंकणांतील एका महालाच्या वसुलाचा. मांडणी सामान्यच, विद्यार्थी जशी करितात तशी. परंतु शेवटीं सतरा मोडी कागदांच्या बाळबोध नकला दिलेल्या होत्या. मूळ कागद 'एका इनामदार घराण्याच्या दप्तरांतील' एवढाच उल्लेख. चौकशी करतां करतां तें घर सांपडलें. घरच्या वृद्ध काकूंनीं सांगितलें कीं, माळ्यावरचे रुमाल एका पावसाळ्यांत भिजून कुजले, तेव्हां मुलांनीं ते खाडींत सोडून दिले. आतां त्या सतरा कागदांचा पुरावा म्हणजे ती टंकलिखित प्रत, आणि तींत नकलकारानें छ. ची तारीख बहुतेक ठिकाणीं गाळलेली, शिक्का व मोर्तब होतें कीं नाहीं याचा उल्लेख नाहीं, व मोडींतील न लागलेला शब्द तसा दाखविण्याऐवजीं अंदाजानें भरून काढलेला. दोन कागदांत एका गांवच्या खोतीचा निकाल आहे. तो निकाल अस्सल कीं मागाहून रचलेला, हें आतां ठरणें कठीण. तो कारकुनी आळस नसता, तर एका गांवच्या दीडशें वर्षांच्या इतिहासाचा पाया हातीं आला असता. त्या विद्यार्थ्यास दोष देववत नाहीं. परीक्षकांनीं त्यास तें विचारलेंच नसावें.

पारितोषिकांच्या नियमांत विषय, पृष्ठमर्यादा, प्रतींची संख्या यांचा कांटेकोर उल्लेख असतो. साधनांविषयीं मात्र ते बहुधा मुके असतात. सामान्य विद्वत्तेच्या निबंधास तें चालतें. ज्या प्रबंधांत खाजगी संग्रहांतील कागद वापरले आहेत, त्यांस स्मारक-निधीच्या विश्वस्तांनीं निराळा नियम लावावा. मूळ कागदाची अक्षरशः नक्कल, तीवर रुमालाचा किंवा पोथीचा क्रमांक, पत्रसंख्या, प्रारंभ व समाप्ति, शिक्के, कागदाची स्थिति, व मालकाचें नांव त्याच्या संमतीनें, इतकें जोडल्यावांचून प्रबंध घेऊंच नये. अलीकडे छायाचित्र काढणें अगदीं सोपें झालें आहे; तेव्हां नकलेबरोबर छायाचित्रहि मागावें. व्याजाची रक्कम सोन्यांत घालण्यापेक्षां या परिशिष्टांच्या छपाईंत घालावी, असें मला वाटतें. मंडलीकांसारख्या ग्रंथसंपादकाच्या स्मृतीस तें अधिक शोभेल.

संग्राहकांसहि यांत कर्तव्य आहे. विद्यार्थी दारीं आला म्हणजे दप्तर दाखवूं नये अशी आपल्यापैकीं कित्येकांची रीत आहे, व तिला कारणेंहि आहेत. नेलेले कागद परत न आल्याच्या कथा प्रत्येकाजवळ आहेत. तरी कागद घराबाहेर न देतां, घरींच बसवून, त्यास वाचूं द्यावें. त्याच्याकडून नकलेची एक प्रत मागून घ्यावी, मूळाशीं ती आपण स्वतः ताडून पाहावी, चुकीच्या जागीं खूण करावी, आणि ती प्रत त्याच रुमालांत बांधून न ठेवतां दुसऱ्या घरीं ठेवावी.