बोलके हात (भाग ६) : पालथा हात

जालन्यात गांधी चमनला किंवा अंबड, घनसावंगी, भोकरदनच्या तहसीलसमोर आंदोलन ठरलं की पत्रकावर त्याचा प्रकारही छापलेला असतो. धरणे, ठिय्या, रास्ता रोको, हलगीनाद, बोंबाबोंब. धरण्याला साहेब लोक सरावलेले असतात. मंडपातल्या माणसांना बसू देतात, संध्याकाळी निवेदन घेतात, फोटो होतो. बोंबाबोंब मात्र कोणालाच आपल्या दारात नको असते. पीकविमा अडकलेले, अतिवृष्टीचं अनुदान खात्यावर न आलेले शेतकरी कचेरीकडे तोंड करून उभे राहतात, उजवा हात पालथा करतात, तो ओठांवर फटफट आपटत घशातून लांबच लांब आवाज काढतात आणि मध्ये एखाद्या खात्याचं, नाहीतर मंत्र्याचं नाव घेतात. कोणाला धक्का लागत नाही, काच फुटत नाही, शिवीसुद्धा द्यावी लागत नाही. तरीही ज्याच्या नावाने हे चाललेलं असतं त्याचं तोंड उतरतं.

मागच्या भागात आपण शड्डू, थोपटलेले दंड आणि मिशीचा पीळ पाहिला. ती आव्हानं होती, आणि आव्हान देताना समोरच्याला निदान बरोबरीचा तरी मानावं लागतं. आजच्या खुणांमध्ये तेवढाही मान नाही.

बोंब आपल्याकडे दोन आगींपुढे मारतात. एक शिमग्याची, दुसरी चितेची. पहिली सगळ्यांना आठवते, दुसरीबद्दल बोलायचं आपण टाळतो. अग्नी देणारा मुलगा पाण्याचं मडकं खांद्यावर घेऊन चितेला फेऱ्या घालतो. मागचा माणूस दर फेरीला अश्म्याने, म्हणजे त्या कामासाठी उचललेल्या दगडाने, मडक्याला टोचा मारतो आणि पाण्याची धार लागते. तिसऱ्या फेरीनंतर मडकं मागच्या मागे टाकून फोडायचं आणि पालथ्या हाताने बोंब मारायची. जातीजातींत, गावागावांत यात फरक आहेत, आणि शहरातल्या पुष्कळ घरांतून बोंब आता गेलीच. पण ब्रिटिश काळातले मुंबई इलाख्याचे गॅझेटिअर उघडले तर अंत्यविधींच्या वर्णनांत ती पुन्हा पुन्हा भेटते. मुख्य सुतकी माणूस हाताच्या पालथ्या बाजूने तोंड बडवतो, असं ते इंग्रज अधिकारी जरा बुचकळ्यात पडल्यासारखे नोंदवतात.

हात पालथाच का? याचं उत्तर मी पुढे मांडतोय तो माझा तर्क आहे, पण तो निराधार नाही. मृत्यूच्या विधीत रोजचं सगळं उलटं होतं. जानवं डाव्या खांद्यावरून उजव्यावर जातं, देवळात उजवीकडून घालायची प्रदक्षिणा चितेभोवती डावीकडून घातली जाते, मडकं पुढे ठेवायचं ते पाठीमागे टाकलं जातं. जो तळवा जेवतो, दान घेतो, डोक्यावर ठेवला की आशीर्वाद होतो, तोही मग उलटा फिरतो. बोंब या उलट्या जगातली आहे. म्हणून जिवंत माणसाच्या नावाने ती मारली की त्याचा अर्थ शब्दांत सांगावा लागत नाही: आमच्या लेखी तू गेलास, आम्ही तुला अग्नीही देऊन आलो.

शिमग्याची होळीही मुळात चिताच आहे. त्यात होलिका जळते असं उत्तरेत सांगतात. भविष्यपुराणात वेगळी गोष्ट आहे, आणि आपल्या बोंबेला ती जास्त जवळची आहे. रघुराजाच्या राज्यात ढुंढा नावाची राक्षसी लहान मुलांना छळू लागली. शंकराच्या वरामुळे देव, माणूस, शस्त्र, ऊन, पाऊस यांपैकी कशानेही तिला मरण नव्हतं. वरात एकच फट राहिली होती, पोरांची. मग राजाला उपाय सांगण्यात आला: फाल्गुनी पौर्णिमेला मुलांनी लाकडं, गोवऱ्या जमवून आग पेटवावी, तिला तीन फेऱ्या घालाव्यात, टाळ्या पिटाव्यात, हसावं, गावं आणि तोंडाला येईल ते निःशंक बोलावं. या आरड्याओरड्याने आणि अचकट विचकट बोलण्यानेच ती राक्षसी पळाली. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात होलिकेची चर्चा करताना ही कथा घेतली आहे. म्हणजे शिमग्याच्या शिव्यांना पुराणाचा परवाना आहे, तोही मुलांच्या आरोग्यासाठी काढलेला!

या परवान्याचा गावाने चांगला उपयोग केला. वर्षभर ज्याच्यापुढे मान वर करायची सोय नाही त्या पाटलाच्या, सावकाराच्या, तलाठ्याच्या नावाने एक रात्र बोंब मारायची आणि दुसऱ्या दिवशी राख अंगाला फासून मोकळं व्हायचं. धुलिवंदनाला बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात विडा गावी जावयाला गाढवावर बसवून मिरवतात आणि नंतर नवे कपडे देऊन त्याचा मानही करतात. अपमान करायचा तोही ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळात, आणि शेवटी आहेर करून. ही हद्द आंदोलनाने ओलांडली. बोंब फाल्गुनातून सुटली आणि खरिपाचे पंचनामे जेव्हा अडकतील तेव्हा मारली जाऊ लागली. दुसऱ्या दिवशीची राख आणि राम राम मात्र सोबत आले नाहीत, त्यामुळे अलीकडची बोंब जास्त कडू वाटते.

स्मशानातून कचेरीत आलेली ही एकच खूण नाही. पाणी येत नाही म्हणून बायका नगरपालिकेच्या, ग्रामपंचायतीच्या पायरीवर मडकी फोडतात. बातमीत त्याला मडकेफोड आंदोलन म्हणतात. जायकवाडीवरून जलवाहिनी येऊनही रोज नळ न वाहणाऱ्या जालन्याला हे दृश्य नवं नाही. रिकाम्या मडक्याचा पाण्याशी संबंध उघड आहे, पण तेवढ्याने त्या आवाजाची दहशत कळत नाही. दारात मडकं फुटणं म्हणजे काय, हे त्या इमारतीतल्या शिपायापासून अध्यक्षांपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. पुतळ्याची तिरडी, प्रतीकात्मक दशक्रिया, मुंडण ही याच घरातली भावंडं. बांगड्यांचा आहेर मला त्यांच्या पंगतीत बसवावासा वाटत नाही. तिथे साहेबाला हिणवायला बाईचा हात वापरला जातो, आणि ते ताट पुष्कळदा बायकाच घेऊन जातात, हे पाहून वाईट वाटतं.

आता बोटं मोडणं. ही खूण तर एकाच वेळी वर आणि शाप दोन्ही आहे. आजी नातवाच्या गालांवरून दोन्ही हात फिरवते, आपल्या कानशिलांवर टेकवते आणि कडाकडा बोटं मोडते. त्याच्यावरची इडापीडा तिने स्वतःवर घेतलेली असते. जितकी जास्त बोटं मोडली तितकी दृष्ट मोठी होती असं समजायचं. तीच आजी बांध कोरणाऱ्या भाऊबंदाच्या घराकडे हात करून बोटं मोडते तेव्हा सगळी गल्ली चूप होते. हात तेच, आवाज तोच, फक्त इडापीडा कोणीकडे निघाली ती दिशा बदलली. तळतळाट लागतो की नाही याच्यावर मी वाद घालणार नाही. त्या आवाजाचं कारण मात्र सांगता येतं. सांधा ताणला की आतल्या वंगणासारख्या द्रवावरचा दाब एकदम उतरतो आणि वायूची पोकळी तयार होते. २०१५ साली कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी एमआरआयमध्ये बोट ओढून ती पोकळी तयार होताना पाहिली. बोटं मोडणारीला पुढे संधिवात होतो अशी भीती घालतात. अमेरिकेतले डॉ. डोनाल्ड उंगर यांनी साठ वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडून पाहिली आणि उजवा हात ताडून बघायला तसाच ठेवला. दोन्ही हात सारखेच ठणठणीत निघाले, आणि २००९ साली त्यांना इग नोबेल हे मिश्कील पारितोषिक मिळालं. तेव्हा शाप देणाऱ्याला निदान त्याचा त्रास नाही.

कोपरापासून नमस्कार हा आपल्याकडचा सगळ्यात सभ्य असभ्यपणा. देवाला हात जोडताना तळवे जुळले तरी पुरतं. एखाद्याला कंटाळून, चिडून, त्याच्यापासून सुटका मागायची असेल तर कोपरापर्यंतचे हात एकमेकांना चिकटवून कपाळाला लावायचे. भक्ती जितकी जास्त दाखवली तितका अपमान मोठा! ग्रामसभेत, लग्नाच्या बोलाचालीत, सोसायटीच्या कर्जवाटपात मी हा नमस्कार भल्या भल्या माणसांना गप्प करताना पाहिला आहे. त्यावर रागावताही येत नाही, कारण समोरच्याने तर हातच जोडलेले असतात.

ठेंग्याचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. सावकाराच्या कागदावर जो अंगठा उठवून रानं गेली, तोच नुसता हलवून दाखवला की ‘काही मिळणार नाही’ असं होत असे. आता गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी वारल्याची बातमी आली तरी खाली पाच-सात अंगठे उभे राहतात. जुन्या माणसांना ते अजून खटकतं, आणि मला त्यांचं चुकीचं वाटत नाही.

मधलं बोट मात्र बाहेरून आलं. सिनेमा, टीव्हीवरची कुस्ती आणि क्रिकेट यांनी ते आणलं. २०१२ च्या जानेवारीत सिडनी कसोटीत विराट कोहलीने प्रेक्षकांना ते दाखवलं आणि सामन्याचं निम्मं मानधन दंडात गेलं, तेव्हा पुष्कळ घरांत पोरांनी बापाला अर्थ समजावून सांगितला. या बोटाचं वय मोठं आहे. इसवी सनापूर्वी ४२३ मध्ये अथेन्समध्ये रंगमंचावर आलेल्या ॲरिस्टोफेनीसच्या ‘मेघ’ या प्रहसनात या बोटावर विनोद आहे. रोमन लोक त्याला निर्लज्ज बोट म्हणत. अर्थ तेव्हाही तोच होता: बोट म्हणजे पुरुषाचं लिंग, बाजूला मिटलेली बोटं म्हणजे बाकीचं. इंग्रजांच्या उलट्या दोन बोटांबद्दल सांगितली जाणारी १४१५ च्या अझिनकूरच्या लढाईतली कथा, शत्रू जी बोटं छाटणार होता तीच धनुर्धाऱ्यांनी त्याला दाखवली ही, मात्र रंगवलेली आहे. त्या काळातला पुरावा तिला नाही. अशा खुणा कुठे कुठे चालतात याची डेझमंड मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोपात हिंडून पाहणी केली आणि १९७९ साली पुस्तक काढलं. त्यांनी वीस खुणा घेतल्या होत्या. एकाच खुणेचा अर्थ शे-दोनशे मैलांवर उलटा होतो, हे त्यात जागोजागी दिसतं.

त्या युरोपात आपल्याला ओळखीची वाटेल अशी खूण ग्रीकांकडे आहे. पाची बोटं फाकवून तळवा समोरच्याच्या तोंडासमोर ढकलायचा, की घोर अपमान झाला. काँग्रेसचा प्रचारक अथेन्समध्ये पंजा दाखवत फिरला तर मार खाईल. बायझँटाइन काळात गुन्हेगाराला गाढवावर उलटं बसवून फिरवत आणि तोंडाला राख-काजळ फासत. फासणारा तळवा राहिला आणि काजळ गेलं. आपल्याकडे काजळ, शाई, काळं ऑइल राहिलं आहे, आणि ते कोणाच्या तोंडाला फासलं ही बातमी महिन्या-दोन महिन्यांनी येतेच.

मग आपली रीत पाश्चात्त्यांपेक्षा वेगळी कुठे? त्यांची ठळक शिवी देहाच्या खालच्या भागातून येते, आपली मसणवटीतून आणि देवघरातून. बोंब, मडकं, बोटं मोडणं, कोपरापासूनचा नमस्कार, एकही खूण मुळात अपमानासाठी जन्मलेली नाही. विधी होते, ते जिवंत माणसाकडे वळवले गेले. याचा अर्थ आपण सोवळे आहोत असा काढू नये. महाभारतात भर सभेत दुर्योधनाने द्रौपदीला डावी मांडी उघडी करून दाखवली, ती खूण कुठल्याही मधल्या बोटाहून नीच होती, आणि ती मांडी फोडण्याची भीमाची प्रतिज्ञा तिथेच झाली. एस.टी. स्टँडवर, कॉलेजच्या रस्त्यावर मुलींकडे पाहून हातवारे करणारे त्याचेच वारस आहेत. त्यांच्यासाठी पूर्वी भारतीय दंड विधानाचं कलम ५०९ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ७९ आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंतची साधी कैद आणि दंड. कायद्याने कुठल्याही बोटाचं नाव घेतलेलं नाही. शब्द, आवाज, हावभाव यांतलं काहीही असो, स्त्रीच्या शीलाचा अपमान करण्याचा हेतू होता का, एवढंच पाहायचं. म्हणून ‘मी तर नुसता हात हलवला’ हा बचाव पोलीस ठाण्यात कितीही ऐकू आला तरी तेवढ्यावर सुटका होत नाही. मुलींनी पोलिसांच्या दामिनी पथकाला फोन करताना खुणेचं वर्णन करायला लाजू नये, कारण पुढे तेच वर्णन जबाबात लागतं.

पुढच्या भागात टाळी: कीर्तनातली, तृतीयपंथीयांची, आणि २२ मार्च २०२० च्या संध्याकाळी पाच वाजता सगळ्या देशाने वाजवलेली.