कंसातला साइक्स

हिवाळ्यातली सकाळ. पुण्याजवळच्या कवडी पाटावर, मुळा-मुठेच्या काठी आम्ही नोंदी घेत होतो. उन्हाच्या दिशेला चिखलात चार-पाच चिमुकले पक्षी तुरुतुरु पळत होते. मी वहीत ‘टेमिंक्स स्टिंट’ लिहून मोकळा झालो.

“पायांचा रंग दिसला का?” सरांनी विचारलं. टेमिंक्सचे पाय पिवळसर, लिटल स्टिंटचे काळे. मला काहीच दिसलं नव्हतं. त्यांनी माझी ओळ खोडली आणि वर लिहिलं, ‘कॅलिड्रिस एसपी.’ म्हणजे प्रजाती नक्की, जात ठरली नाही. एकाहून अधिक जाती असल्या, तर ‘एसपीपी.’ आणि अमुक जातीसारखा वाटतो पण ताडून पाहायला हवं, तेव्हा ‘सीएफ.’ ‘ताडून पाहा’ या अर्थाच्या लॅटिन शब्दाचं हे लघुरूप. त्या खोडलेल्या ओळीपेक्षा ‘एसपी.’ची नोंद मला आज मोलाची वाटते. ती खरी आहे.

पुढे दगडावर धोबी शेपटी हलवत बसला होता. सरांनी लिहिलं, ‘एम. ए. दुखुनेन्सिस’. मोटासिला ही प्रजाती आणि आल्बा ही जात यांची आद्याक्षरं, उपजात मात्र पूर्ण. पण पानावर आधी पूर्ण नाव आलं असेल तरच ही काटकसर चालते. नाहीतर नुसत्या ‘पी.’वरून मोर, चिमणी की पोपट, काय समजायचं?

दुखुन म्हणजे आपलं दख्खन! हे नाव कर्नल विल्यम साइक्स यांनी १८३२ साली दिलं. त्याच वर्षी त्यांनी काठावरच्या ढोकरीलाही शास्त्रीय नाव दिलं. तरी पुस्तकात धोब्यापुढे ‘साइक्स, १८३२’ असं उघडं असतं आणि ढोकरीपुढे, ‘आर्डिओला ग्रेयी’नंतर, तेच कंसात. छपाईची चूक नव्हे ती. साइक्स यांनी ढोकरी ‘आर्डिआ’ प्रजातीत घातली होती. पुढे ती ‘आर्डिओला’त गेली. मूळ प्रजाती बदलली की नाव देणाऱ्याभोवती कंस येतो. धोबी अजून मोटासिलातच आहे. लिनियसचा ‘एल.’ही तसाच: मोरापुढे उघडा, चिमणीपुढे कंसात, कारण त्याने चिमणीला ‘फ्रिंजिला’ म्हटलं होतं.

यादी उतरवून घेताना हे कंस गाळू नका. आणि पाय दिसले नसतील, तर ‘एसपी.’च लिहा.