निधी वस्तीपर्यंत का पोहोचत नाही?



"सरकारच्या एवढ्या योजना असताना पारधी वस्तीवरील हातपंपाची दुरुस्ती आपण का करायची?" असा प्रश्न मला देणगीदार नेहमी विचारतात. त्याचे एक उत्तर पैशाच्या वाटेत आहे.

2011 च्या जनगणनेनुसार आपल्या जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे लोक सुमारे 2 टक्के आहेत. धाराशिव अनुसूचित क्षेत्रात नाही, त्यामुळे पेसा ग्रामपंचायतींना मिळणारा थेट निधी इथे येत नाही. वस्तीच्या कामांसाठी जिल्हा नियोजन समितीकडे पाहावे लागते. तिचे अध्यक्ष पालकमंत्री, म्हणजे राज्य सरकारमधील व्यक्ती. राज्यघटनेनुसार तिचे किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद व नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांतून यावे लागतात. पण जिल्हा परिषदेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि पुढे दीर्घकाळ प्रशासक राहिले. निवडून आलेले मंडळ नसल्याने पंधराव्या वित्त आयोगाचा जिल्हा परिषद व पंचायत समितीचा प्रत्येकी 10 टक्के वाटाही अडकला.

वरचे सरकार बदलले तरी खालची कामे थांबतात. जून 2022 मध्ये राज्यात सत्ताबदल झाला. नव्या सरकारने 1 एप्रिल 2021 नंतर मंजूर झालेल्या, पण सुरू न झालेल्या अनेक कामांना स्थगिती दिली. त्याविरुद्ध काही ग्रामपंचायतींना उच्च न्यायालयात जावे लागले. हा दोष एकाच पक्षाचा नाही. सत्तेशी जवळीक असलेल्या गावाचे काम आधी होते, ही सवय जुनी आहे. मोठ्या गावाचा पुढारी मुंबईपर्यंत ओळख काढतो. दहा-पंधरा घरांच्या वस्तीची ओळख कोण काढणार?

मात्र जिथे नियम स्पष्ट आहे, तिथे ओळखीची गरज कमी पडते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 मुळे जन्माचा किंवा उत्पन्नाचा दाखला ठरलेल्या मुदतीत मिळणे हा हक्क आहे. मिळाला नाही तर अपील करता येते. म्हणून आम्ही वस्तीवर अर्ज भरून देतो, पोच जपायला शिकवतो आणि गावाचा विकास आराखडा ठरतो त्या ग्रामसभेला स्त्री-पुरुषांना घेऊन जातो. ठरावात नोंदलेले काम सत्ता बदलली तरी कागदावर राहते आणि पुन्हा मागता येते.

आपल्या देणगीतून हातपंप दुरुस्त होतो. त्याबरोबर अर्जाचा खर्च आणि तालुक्याला जायचे एसटीचे भाडेही निघते. आपल्या मंडळीत कोणी निवृत्त तलाठी, ग्रामसेवक किंवा वकील असतील, तर त्यांचा महिन्यातला एक दिवस आम्हाला हवा आहे.